४१ नंबरचे पैसे ३९ नंबरला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर एक चौकटीतली बातमी होती. अनुदानाची रक्कम भलत्याच शेतकऱ्यांच्या खात्यांवर गेली, आणि कारण काय, तर 'संगणकाच्या चुकीमुळे'. गाव कोणते, संस्था कोणती, हे मला इथे उकरून काढायचे नाही. पण ते दोन शब्द वाचून मला आधी हसू आले आणि मग जरा लाज वाटली. ती चूक मी स्वतः केलेली आहे, आणि त्या वेळी मीही सभासदांना हेच सांगितले होते, "कॉम्प्युटरनं घोळ घातला."

मी करवीर तालुक्यातल्या एका महिला दूध संस्थेची सचिव आहे. गावात सगळे सेक्रेटरीबाई म्हणतात. एकोणीस वर्षे हेच करते. सुरुवात फॅट काढण्यापासून, म्हणजे दुधात स्निग्धांश किती ते मोजण्यापासून झाली. तेव्हा नळीत ॲसिड, दूध, अल्कोहोल घालून हाताने सेंट्रिफ्यूज फिरवायचे आणि नळी उजेडात धरून आकडा वाचायचा. आता नमुना मशीनखाली धरला की मिनिटभरात फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक) समोर येतात. रोजचे संकलन आणि दहा दिवसांचे बिल तयार प्रणालीत होते, तिथे मला फारसे डोके घालावे लागत नाही. पण दिवाळीचा फरक, पशुखाद्याची कपात, जनावरांच्या विम्याची यादी, सरकारी अनुदानाचे तक्ते, हे सगळे अजून एक्सेलमध्येच, म्हणजे संगणकावरच्या तक्त्यांतच चालते. आमच्यासारख्या कितीतरी संस्थांचे तसेच असणार.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. वर्षभर घातलेल्या दुधावर दिवाळीच्या तोंडावर जी जादा रक्कम मिळते तिला आम्ही फरक म्हणतो. बायका वर्षभर त्या रकमेवर बेत आखतात. पोरांचे कपडे, घराचा रंग, उसनवारी, सगळे त्यात बसवलेले असते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे दोन याद्या होत्या. एकीत कोड (म्हणजे प्रत्येक सभासदाचा संस्थेतला नंबर), नाव, वर्षाचे लिटर आणि फरकाची रक्कम. दुसरीत कोड, नाव, बँकेचा आयएफएससी आणि खाते क्रमांक. दुसऱ्या यादीतले खाते पहिल्या यादीत प्रत्येकीच्या नावापुढे आणायचे होते. सभासद २१४. हाताने उतरवायचे तर अख्खा दिवस गेला असता, म्हणून मी सूत्र लिहिले. सूत्र इंग्रजी अक्षरांतच टाइप करावे लागते, इथे छापायच्या सोयीसाठी देवनागरीत देते:

=व्हीलूकअप(ए२,खाते!$ए$२:$डी$२१५,४)

म्हणजे ए२ मधला कोड घे, 'खाते' नावाच्या पानावर पहिल्या रकान्यात तो शोध, आणि सापडेल त्या ओळीतला चौथा रकाना इथे आणून ठेव. पहिल्या ओळीत हे लिहिले, कोपऱ्यातला ठिपका धरून खाली ओढले. एका दमात २१४ खाती भरली. वरच्या दहा ओळी पासबुकांवरून पडताळल्या. दहाही बरोबर. वसुबारसेच्या आदल्या दिवशी फाइल बँकेत दिली आणि घरी जाऊन करंज्या करायला बसले.

धनत्रयोदशीला ४१ कोडच्या मामी डेअरीत आल्या. "सेक्रेटरीबाई, सगळ्यांचं आलं, आमचं आलं न्हाई." मी फाइल उघडली. त्यांच्या नावापुढे १८,४६० रुपये होते आणि एक खाते क्रमांकही होता. पासबुकाशी ताडून बघितला तर तो क्रमांक ३९ कोडचा निघाला. आता, ३९ आणि ४१ या सख्ख्या जावा. बांधावरून सहा वर्षे बोलणे बंद. कोर्टात तारखा चालू. माझ्या पोटात गोळा आला तो रकमेने नव्हे. गावात संध्याकाळपर्यंत काय बोलले जाणार ते मला दिसत होते, आणि तसेच झाले. 'सेक्रेटरीबाई ३९च्या माहेरच्या नात्यातल्या, मुद्दाम केलं.' मी नात्यातली नाही, पण दिवाळीत कोण वंशावळ तपासत बसतो?

बँकेत गेले. साहेब म्हणाले, "तुम्ही दिलेल्या खात्यावर जमा केले." त्यांचे चूक नव्हते. अशा व्यवहारात पैसे खाते क्रमांक बघून जमा होतात, नाव बघून नाही. आता १ एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दिसेल अशी सोय द्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे, ते चांगलेच झाले. पण एकेक व्यवहार करणाऱ्याचे ठीक, २१४ ओळींची फाइल देणाऱ्याने आधी आपल्याच फाइलीत बघावे. माझ्या फाइलीत शेवटच्या दोन ओळींत एकच खाते दोनदा आले होते. म्हणजे आणखी एकीचे ९,२७५ रुपये भलतीकडे गेले होते. शेवटपर्यंत नजर फिरवली असती तर वसुबारसेच्या आधीच कळले असते.

भाऊबीजेला भाचा पुण्याहून आला. त्याच्यापुढे फाइल टाकली. सूत्राकडे बघून तो म्हणाला, "मावशी, शेवटचं शून्य कुठाय?"

त्या सूत्रात चार गोष्टी सांगायच्या असतात, मी तीनच सांगितल्या होत्या. चौथी म्हणजे तंतोतंत तोच कोड पाहिजे, की जवळचा चालेल? तंतोतंत पाहिजे तर शेवटी शून्य लिहायचे. काहीच लिहिले नाही तर एक्सेल 'जवळचा चालेल' असे धरून चालते. गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस या तशाच दुसऱ्या प्रणालींतही हे सूत्र असेच वागते. आणि जवळचा शोधताना ते यादी वरून खाली वाचत नाही. कोड चढत्या क्रमाने लावलेले आहेत असे गृहीत धरून यादी मधोमध उघडते, आपण शब्दकोश उघडतो तशी. हवा तो कोड मोठा असेल तर खालची अर्धी, लहान असेल तर वरची अर्धी. मग तिचेही अर्धे. असे करत जाते.

माझी खात्यांची यादी चढत्या क्रमाने होती, एक ओळ सोडून. त्या उन्हाळ्यात ४० कोडच्या आजी वारल्या. म्हैस सुनेच्या नावावर झाली, सुनेला नवा कोड मिळाला २१५. नवी ओळ यादीच्या तळाला घालायची, तर मी आजींच्याच ओळीवर सुनेचे नाव, खाते आणि कोड लिहिला. आजींनी मला फॅट काढायला शिकवले होते. एका घरची जागा एका घरालाच राहावी, एवढाच विचार.

भाच्याने वहीच्या मागच्या पानावर ४१ चा प्रवास मांडून दाखवला. यादी मधोमध उघडली तर १०७. तो ४१ पेक्षा मोठा, म्हणून वर. ५३, मोठा, अजून वर. २६, लहान, आता खाली. ३९, लहान, खाली. ४६, मोठा, वर. ४२, मोठा, वर. आता उरल्या दोनच ओळी, चाळिसावी आणि एक्केचाळिसावी, त्यांतली आधी बघायची चाळिसावी. तिथे ४० असता तर 'लहान' म्हणून पुढच्याच ओळीत ४१ सापडला असता. तिथे बसला होता २१५. 'हा तर मोठा', म्हणून सूत्र एक पाऊल मागे सरकले आणि ३९ चे खाते उचलून आणले. ना लाल खूण, ना सूचना, ना पिवळा त्रिकोण. सुनेच्या २१५ चे तर सोपेच होते. जो कोड बघावा तो लहान, म्हणून खाली, खाली, खाली, आणि तळाला २१४ पाशी यादी संपली. जवळचा तोच, घे त्याचे खाते.

२१२ बरोबर, दोन चूक. शंभर चुकले असते तर बँकेत जायच्या आधीच माझ्या लक्षात आले असते. ४० च्या जागेवर एक सून बसली म्हणून शेजारची एक जाऊ आणि ती सून स्वतः, एवढ्या दोघीच बुडाल्या.

पैसे परत आले. २१४ वालीने दुसऱ्याच दिवशी आणून दिले. ३९ वालीने आधी आढेवेढे घेतले, निम्मे खर्च झाले होते म्हणे, मग तीन बिलांतून कापून घेतले. ४१ च्या मामींना संस्थेने तोवर उचल दिली. सभेत माझी चूक म्हणून ठराव लिहिला गेला, आणि तो मीच माझ्या अक्षरात लिहिला.

म्हणून त्या बातमीतल्या दोन शब्दांवर माझा आक्षेप. मी विचारले ते एक्सेलने मला दिले. मी 'जवळचा चालेल' असे न बोलता सांगितले होते.

खरा राग मला त्या संगणक वर्गाचा येतो जिथे मी हे सूत्र शिकले. कोणता, कुठला, ते सोडा. तीन महिने, प्रमाणपत्र, प्लास्टिकच्या पिशवीत वही. सरांनी फळ्यावर '१ कांदा, २ बटाटा, ३ टोमॅटो' अशी क्रमाने लावलेली यादी लिहिली, सूत्र लिहिले, बरोबर उत्तर आले, टाळ्या. क्रमाने लावलेल्या यादीत कोड असेल तर शून्य न घालताही बरोबरच उत्तर येते हो! मोडायचे कधी ते शिकवले नाही. उलट एक गोष्ट मात्र हौसेने शिकवली. कोड सापडला नाही की चौकटीत '#एन/ए' असे येते, ते वाईट दिसते, म्हणून त्याच्याभोवती 'इफएरर' लावायचे, मग तिथे कोरे दिसते किंवा शून्य दिसते. हिशेब छान दिसतो.

ऑफिसात दोन कारकून असतात. फाइल सापडली नाही तर एक सरळ म्हणतो, 'सापडत नाही बाई, उद्या या.' दुसरा शेजारच्या कपाटातली मिळतीजुळती फाइल काढून हसत हातात देतो. शून्य न घातलेले सूत्र हा तो दुसरा. आणि इफएरर लावणे म्हणजे पहिल्याचे तोंड बांधणे. मला आता '#एन/ए' दिसले की बरे वाटते. कुठे बघायचे ते कळते.

आणि मराठीत काम करणाऱ्यांना तर ते फार वेळा दिसते. २०२४ साली राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे आधी ५ रुपये आणि ऑक्टोबरपासून ७ रुपये अनुदान दिले. त्याच्या याद्यांत शेतकऱ्याचे आधार, बँक खाते आणि गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर लागत होता. बिल्ल्यांची यादी दुसऱ्याने केलेली, तिच्यात आमचे कोड नव्हते, म्हणून नावावरून जुळवायची वेळ आली. 'कुऱ्हाडे' आडनावाच्या पाच सभासद आहेत. एकीचेही जुळेना. दोन्ही याद्यांत 'कुऱ्हाडे'च, डोळ्यांना तसूभर फरक नाही. शेवटी अक्षरे मोजायचे 'लेन' सूत्र लावले. माझ्या यादीतल्या नावाला ८ आले, त्यांच्या यादीतल्याला ९. माझ्या कळफलकावर तो अर्धा र काढायला 'ऱ' ही वेगळी कळ आहे. त्यांच्याकडे साधा र, त्याचा पाय मोडलेला, आणि त्याला 'ह'पासून वेगळा धरणारी एक न दिसणारी खूण. पडद्यावर दोन्ही एकच, संगणकाच्या पोटात दोन निराळ्या बायका. तऱ्हा, वऱ्हाड, गोऱ्हे, जिथे जिथे हा र येतो तिथे हेच. इंग्रजी पुस्तकातून एक्सेल शिकवणाऱ्याला हे कधी अडतच नाही, त्यामुळे तो सांगणार तरी कसा?

नावावरून शोधण्यात आणखी एक गोची. आमच्या गावात आक्काताई पाटील तिघी आहेत. सूत्राला पहिली सापडली की ते थांबते. तिघींच्या गायींना एकच बिल्ला. तेव्हापासून माझा नियम असा की माणूस नावावरून शोधायचा नाही, कोड नसेल तर आधी कोड द्यायचा.

बाकीचे खड्डे भराभर सांगते, सगळ्यांत पडून झाले आहे. कोड एका यादीत आकडा आणि दुसऱ्या यादीत मजकूर म्हणून साठवलेला असेल (चौकटीच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो) तर ४१ ला ४१ सापडत नाही. नावामागे एक मोकळी जागा राहिली तरी नाही. बारा आकडी बिल्ल्याचा नंबर एक्सेल आखडून 'ई+११' असा दाखवते, तो रकाना रुंद करून आकड्याचा साचा लावला की परत दिसतो, पण काही बँकांचे खाते क्रमांक सोळा आकडी असतात आणि एक्सेल पंधरा आकड्यांच्या पुढे खरे आकडे ठेवतच नाही, सोळावा शून्य करून टाकते, तो गेला तो गेलाच. म्हणून खात्याचा रकाना भरायच्या आधी 'टेक्स्ट', म्हणजे मजकुराचा, करून ठेवावा. आणि एकदा मी खाते-यादीत मधेच मोबाइलचा रकाना घातला. सूत्राला ४ म्हणून सांगितलेले ते ४ च, त्यामुळे खात्याच्या जागी २१४ मोबाइल नंबर आले. ते दहा आकडी होते म्हणून पकडले गेले.

भाचा म्हणतो, आता 'एक्सलूकअप' आले आहे, २०१९ साली मायक्रोसॉफ्टने जाहीर केले. त्यात काही न सांगता तंतोतंतच शोधले जाते, डावीकडचा रकानाही आणता येतो, आणि रकान्याचा नंबर मोजायची भानगड नाही. ऐकायला छान आहे. संस्थेच्या संगणकावर २०१० चे एक्सेल आहे, त्यात ते नाही, आणि नवीन घ्यायचा विषय सभेत मांडला की गोठ्याच्या पत्र्यांचा विषय पुढे येतो. ज्यांच्याकडे आहे त्यांनी जरूर वापरावे.

मी त्याला विचारले, मुळात असे उलटे का केले असेल? चुकणारा मार्ग आपोआप आणि बरोबर मार्गासाठी शून्य घाला? तो म्हणाला, १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिजीकॅल्क ही एक्सेलसारखी जुनी प्रणाली काढली, तेव्हाचे तक्त्यात शोधायचे सूत्र असेच जवळची पायरी धरणारे होते. करासारख्या पायऱ्यांच्या तक्त्याला तेच लागते. उत्पन्न कुठल्या पायरीत बसते ते बघायचे, नेमका तोच आकडा तक्त्यात कुठून असणार? हे मला पटले, कारण माझ्याकडेही असा एक तक्ता आहे. वर्षाला १,००० लिटरच्या आत एक बक्षीस, १,००० च्या वर दुसरे, ३,००० च्या वर तिसरे. तिथे २,३४७ लिटरवालीला १,००० ची पायरी सापडायला हवी, तिथे शून्य घातले तर सगळ्या '#एन/ए'. म्हणजे शून्य कुठे घालायचे आणि कुठे नाही, हे कळायला हिशेब कळावा लागतो. पायरी असेल तर जवळचा, माणूस असेल तर तंतोतंत.

संपादक महाराज, माझे मागणे दोन. आपल्या बातमीदारांनी 'संगणकाची चूक' असे लिहायच्या आधी एक प्रश्न विचारावा, सूत्र कोणी लिहिले आणि पडताळले कोणी? आणि आपल्या शेतीच्या पुरवणीत गोचीड, थनदाह, मुरघास यांच्याबरोबर अधूनमधून अर्धा रकाना हिशेबालाही द्यावा. दूध संस्था, पतसंस्था, सोसायट्या, बचत गट, सगळीकडे कुणीतरी एक बाई किंवा एक पोरगा संध्याकाळी उशिरापर्यंत ठिपका धरून खाली ओढत बसलेला असतो, आणि त्याला मराठीतून हे सांगणारे कोणी नाही. लिहायला माणूस मिळाला नाही तर मी लिहीन, मानधन नको.

आता दिवाळीची फाइल झाली की मी छापून काढते आणि दोघी मिळून वाचतो. मी फाइलीतले वाचते, आमची दूध तपासणारी पोरगी पासबुकाच्या झेरॉक्सवर बोट ठेवते. २१४ ओळींना दीड तास लागतो. गेल्या वर्षी वाचन चालू असताना ४१ च्या मामी दूध घालायला आल्या. त्यांना एक्सेल काय ते माहीत नाही, पण सभेतला माझा ठराव त्यांनी नीट ऐकला होता. किटली खाली ठेवली आणि दारातूनच विचारले, "बाई, माझ्या नावाला शून्य घातलंस न्हवं?"

आपली,
एक सचिव, महिला दूध संस्था,
ता. करवीर, जि. कोल्हापूर

(३९ आणि ४१ यांचे आता थोडे बोलणे सुरू झाले आहे, म्हणून माझे आणि गावाचे नाव छापू नये ही विनंती.)